अडीच नंबरचा माल

मी अडीच आहे. हे मला क्लबच्या सेक्रेटरींच्या जावयाने सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, मोबाईलमध्ये बघत. जावईबापू अमेरिकेहून आलेत. तिकडे हौशी टेनिसवाल्यांना एनटीआरपी नावाचं रेटिंग असतं, खालून अर्ध्या-अर्ध्याने चढत सातपर्यंत जातं, आणि सात म्हणजे टीव्हीवर दिसणारी माणसं. तर २६ जानेवारीच्या डबल्सला आपणही लेव्हल लावू, जोडीची बेरीज साडेसहाच्या वर नको, म्हणजे मॅचेस कशा समसमान होतील, असं त्यांच्या मनात आलं. आता जावयाला नाही कोण म्हणणार?

अडीचची व्याख्या त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. बॉल कुठे जातोय याचा अंदाज घ्यायला शिकतोय, पण कोर्ट कव्हर करायची क्षमता मर्यादित. शिकतोय! पावसाळा संपला की कोर्टावरचं शेवाळ घासायला रत्नागिरीतला हाच शिकाऊ लागतो, तेव्हा सगळं कोर्ट मीच कव्हर करतो, खराटा घेऊन, आणि तेव्हा नाही कोणाला क्षमता आठवत.

असो. खरी गंमत पुढेच. आमच्या कोर्टाच्या कडेला चिऱ्याचा गडगा आहे, त्यावर रोज संध्याकाळी अण्णा येऊन बसतात. जातिवंत आंबा बागायतदार, जन्मात रॅकेट धरलेली नाही, पण बॉल आऊट की इन हे अंपायरच्या आधी ओरडतात.

"काय रे, कितीचा लागलास?"

"अडीच."

"आणि तो बँकेतला?"

"चार."

अण्णा गडग्यावरून उतरले आणि माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "शाब्बास! सहा महिने बघतोय, मला वाटायचं तो बरा खेळतो."

मला काही कळेना. मग उलगडा झाला, अण्णांच्या डोक्यात आंब्याची पेटी! चार डझनी पेटी म्हणजे फळ मोठं, सहा डझनी म्हणजे बारकं, आकडा चढला की भाव उतरला. "अडीच डझनी हापूस मी उभ्या आयुष्यात बघितला नाही," अण्णा मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "पपईच असेल ती."

मी समजावलं की इथे उलटं असतं, सात सगळ्यात भारी.

"सात डझनी भारी? सात डझनी मी व्याह्यांकडे पाठवतो." थोडं थांबून, "आणि हे ठरवतं कोण?"

म्हटलं, तिकडे सुरुवातीला आपलं आपणच लिहायचं, मग कॉम्प्युटर मॅचचे निकाल बघून पॉइंटच्या शंभराव्या भागापर्यंत हिशोब ठेवतो.

"आपलं आपण?" अण्णा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "अरे मेल्या, मी पेटीवर चार डझनी लिहिलं म्हणून वाशीचा दलाल ऐकतो काय? वरचा थर उचलून खालचा बघतो तो. आणि एवढं करून फळ कापल्यावर आत साका निघाला, वरून झकास आणि आतून खराब, तर?"

विषय बदलायला मी सांगितलं की आयटीएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा, एक वर्ल्ड टेनिस नंबर पण असतो, तो ४० पासून १ कडे येतो, आकडा लहान तेवढा खेळाडू मोठा. अण्णांना एकदम पटलं. "ही शहाणी माणसं. त्यात तू किती?"

मी पाणी प्यायला गेलो.

पण अण्णांचं साक्याचं बोलणं मॅचच्या दिवशी आठवलंच. समोर चिपळूणचा एक पाहुणा, फॉर्मवर तीन लिहून आलेला, आणि त्याची सर्व्हिस अशी की टप्पा पडून माझ्या कानाच्या वर जायची. तीन म्हणे! तीनच्या व्याख्येत मध्यम वेगाचे फटके बऱ्यापैकी जमतात असं आहे, सगळेच फटके नाही. मुद्दाम खालचा नंबर लावून ट्रॉफी मारणाऱ्यांना तिकडे सँडबॅगर म्हणतात, आणि स्वतःच नंबर लिहून आलेला लेव्हलच्या फारच वर खेळतोय असं कॉम्प्युटरला तीनदा दिसलं की बाद. इथे तीनदा काय, पहिल्याच गेमला दिसलं. माझा पार्टनर तो बँकेतला चार, त्याच्या व्याख्येत रॅली अधीरपणामुळे घालवू शकतो असं छापलेलंच आहे, तर तो माझ्या पायातले बॉलसुद्धा "सोडा, सोडा, माझा" करत घ्यायचा आणि नेटमध्ये मारून माझ्याकडे बघायचा. ६-१. आमचा तो एक गेम त्या पाहुण्याच्या डबल फॉल्टवर आला, मला वाटतं मुद्दामच दिला.

मी जावईबापूंना विचारलं तर म्हणाले, सेल्फ रेटिंगमध्ये ट्रस्ट महत्त्वाचा. बरोबर आहे, बाहेरून येणाऱ्याने आपला आकडा आपण लिहायचा, त्याच्यावर ट्रस्ट, आणि वर्षानुवर्षं वर्गणी भरणाऱ्या गाववाल्याला मात्र तुम्ही पाच मिनिटं मोबाईलवरून मान वर करून बघणार आणि नंबर मारणार, तिथे कुठे गेला ट्रस्ट? मला कोणी विचारलं का, बाबा रे, तू स्वतःला किती समजतोस? तीन लिहिले असते मी. साडेतीन पण लिहिले असते, स्लाइस बघा माझा.

जावईबापू उद्या जातायत. सेक्रेटरींनी रेटिंगचा तक्ता नोटीस बोर्डावर कायमचा लावलाय, लॅमिनेट करून, म्हणजे पावसाळ्यातसुद्धा टिकेल.