उघडल्याशिवाय कळत नाही

मुलानं गाडी घेतली आणि आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या अंगणात एक विचित्र हिशोब उभा राहिला. एक गाडी होती, तिला जागा नव्हती. तीन इंजिनं होती, त्यांना गाडी नव्हती. आणि गाडीची जागा नेमकी इंजिनांनी अडवली होती.

इंजिनं अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांनी १९७९ साली गाडी घेतली. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, पण घरात, गल्लीत आणि पेट्रोल पंपावर तिला फियाट सोडून कुणी दुसरं काही म्हटलं नाही. १९८६ च्या मे महिन्यात धुळ्याच्या एका लग्नाहून परत येताना बिजासन घाटात ती उकळली. अण्णा ‘जरा वर जाऊन थांबू’ या मताचे. जरा वर जाईपर्यंत इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, त्याखालचं गॅस्केट उडालं, ऑइलमध्ये पाणी शिरलं आणि ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी आलं. ते इंजिन उतरलं, दुसरं चढलं. मग ‘याचंही काही झालं तर?’ म्हणून अण्णांनी आणखी एक जुनं इंजिन आणून ठेवलं. तिसरं कधी आणि कुठून आलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. १९९९ साली गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याला इंजिनं फुकट देऊ केली, तर तो हात जोडून निघून गेला. अण्णांना त्याचं वाईट वाटलं नाही. “पार्ट कामाला येतात,” ते म्हणाले. गाडी गेल्यावर कुठल्या कामाला, असं विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

तेव्हापासून इंजिनं जांभळाखाली, ताडपत्रीखाली. ताडपत्री दोनदा फाटून बदलली, अण्णा गेले, इंजिनं होती तिथेच. आमच्या नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं; इंजिनांना पावसाळ्यात ते रोज मिळायचं.

“अहो, अटाल्यात देऊन टाका,” ही म्हणाली. (इंदूरला भंगाराला अटाला म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना हा शब्द कुठल्यातरी तालुक्याचं नाव वाटतो.)

“अगं, पण आत काय आहे ते बघितल्याशिवाय कसं देणार?” मी म्हणालो, आणि इथेच फसलो. जुन्या इंजिनाचं बाहेरून काही म्हणजे काही सांगता येत नाही. बाहेर गंजाचे पापुद्रे निघत असले तरी आत क्रँक, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, चकचकीत असू शकतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्याच्या पोटात पाणी साचून सगळं एकजीव झालेलं असू शकतं. म्हणजे उघडायला हवं. उघडायचं म्हणजे मेकॅनिक, पाने, रॉकेल, चहा आणि पोहे. खराब निघालं तर तेवढा खर्च बुडाला. चांगलं निघालं तर त्याहून वाईट, कारण मग ते टाकवत नाही.

सर्वांत सोपा उपाय करून पाहिला. आमचं शहर २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, ते काही उगीच नाही. कचऱ्याच्या गाडीला ओला, सुका, प्लास्टिक असे सहा वेगळे प्रकार चालतात. गाडीवरच्या पोरानं इंजिनाकडे बघितलं, आपल्या कप्प्यांकडे बघितलं, “भिया, ये तो सातवाँ निकला,” म्हणाला आणि शिट्टी वाजवत पुढे गेला.

मग उस्तादला बोलावलं. त्यानं अण्णांची फियाट वीस वर्षं सांभाळली होती. रंगपंचमी तोंडावर होती, त्यामुळे “गेर हो जाए, फिर आता हूँ” असं उत्तर आलं. गेर, म्हणजे आमच्याकडची रंगांची मिरवणूक, झाली, राजवाडा धुऊन निघाला, आणि तिसऱ्या दिवशी उस्ताद कानशिलावर हिरवा रंग तसाच घेऊन हजर झाला. त्यानं ताडपत्री उचलली, तिन्ही इंजिनांभोवती एक प्रदक्षिणा घातली, पोह्यांची बशी हातात घेतली, वरून जिरावन मसाला भुरभुरवला आणि निकाल दिला, “भिया, खोले बिना नी पता चलेगा.”

सियागंजच्या बाजारातून मी तारेचा ब्रश, दोन लिटरची कॅन आणि एक लांब दांड्याचा पाना आणला. पैसे देताना मनात आलं की तीनही इंजिनं विकून बहुधा एवढेच येतील. पण आता पाना आणला होता.

पहिलं उघडायला घेतलं ते घाटात उकळलेलं. त्याचं हेड सहज निघालं. गॅस्केट आधीच फाटलेलं, धरून ठेवायला काही नव्हतंच. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं आणि खालचा ब्लॉक बिडाचा, त्यामुळे गाडी उकळली की हेड वाकतं. उस्तादनं त्यावर लोखंडी पट्टी उभी धरली आणि खालून टॉर्च मारला. मधोमध केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. “फेस मार देंगे, चल जाएगा,” तो म्हणाला, म्हणजे घासून सपाट करू. ब्लॉकचं मात्र अवघड होतं. फियाटचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटरचा. झिजला की घासून थोडा मोठा करतात आणि त्या मापाचे मोठे पिस्टन घालतात; मेकॅनिकच्या भाषेत वीस साईज, चाळीस साईज, साठ साईज. आमचा साठपर्यंत आधीच जाऊन आलेला. शिवाय उतरवताना ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, त्यात जवळजवळ चाळीस पावसाळे वरून टपटपले होते. आतला पिस्टन कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो ते बोटालाही कळेना.

दुसऱ्याला प्लगच नव्हते, त्यांची भोकं मातीनं बुजलेली. कुंभारीण माशीनं आत घर केलेलं होतं, अगदी प्लगच्या आट्यांचा ठसा उमटेल असं घट्ट. माती काढून आत डिझेल आणि रॉकेल ओतलं. जाम इंजिनाला जोर लावायचा नसतो, भिजत ठेवायचं असतं. पातळी उतरली तर तेल पिस्टनच्या रिंगांपर्यंत झिरपतंय असं समजायचं. आठ दिवस मी सकाळी उठून दात घासण्याआधी चारही भोकांत काडी घालून बघत होतो. हिनं एकदा खिडकीतून विचारलं, “आज ताप किती आहे?” नवव्या दिवशी उस्तादनं हेड काढलं. बोअर मोजला तर ७३ मिलिमीटर भरला. तो थबकला. मग खिशातून लोहचुंबक काढून हेडला लावला आणि तो टक्कन चिकटला. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही.

“ये फियाट है ही नी. ये तो अंबेसडर है.”

ओसरीवर भाजी निवडत बसलेली आई म्हणाली, “हो, माझ्या भावाच्या ॲम्बॅसडरचं ते. तो नागपूरला गेला तेव्हा ठेवून गेला होता.”

“आई, हे आधी सांगायचंस की!”

“मला कुणी विचारलं?”

तिसरं इंजिन मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण सर्वांत चांगलं दिसत होतं तेच. प्लग जागेवर, तोंडाला कापडाचे बोळे. अण्णांनी ते मन लावून बंद केलं होतं. पुलीच्या नटाला पाना लावून फिरवलं तर फिरलं! माझा श्वास थांबला. जवळजवळ एक फेरा सुरेख गेलं आणि टक् करून अडलं. उलट फिरवलं. पुन्हा जवळजवळ एक फेरा, पुन्हा टक्. उस्तादनं तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातून टॉर्च मारला. आत काळपट, चपटे तुकडे दिसत होते.

“पिस्टन टूटा है भिया. टुकडे पड़े हैं.”

हेड काढून खात्री करावी म्हटलं, तर ते येईना. ॲल्युमिनियमचं हेड आणि त्यातून जाणारे पोलादी स्टड इतक्या वर्षांत एकमेकांना सोडायला तयार नसतात. लाकडी हातोडी झाली, तेल झालं, पाचर झाली, उस्तादची सगळी विशेषणं झाली. त्यानं हात पुसले. “इसको जाने दो.” मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी एके काळी असे पार्ट उचलले असते, असंही तो म्हणाला, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली. आता फियाटचे पार्ट मागणार ते हौशी लोक, आणि त्यांना तुटका पिस्टन नको असतो.

शेवटी अटालेवाला आला. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा होता, आणि मुद्रा अशी की जगात आजवर त्याला कशाचं नवल वाटलेलं नाही. मी त्याला समजावून सांगू लागलो की पहिल्या इंजिनाचा क्रँक अजून उत्तम आहे, कुठे ओरखडा नाही, हात फिरवून बघा.

“अच्छा हो या खराब भिया, वजन तो वही रहेगा.”

एवढ्या दिवसांच्या तपासण्या, चुंबक, टॉर्च, काड्या हे सगळं या वाक्यापुढे फिकं पडलं. त्यानं बीड वेगळं केलं, ॲल्युमिनियम वेगळं केलं. ॲल्युमिनियमला भाव कितीतरी चांगला. पहिल्या इंजिनाचं वाकलेलं हेड काट्यावर चढलं, आकडा दिसला, पैसे माझ्या हातात आले. मग तो तिसऱ्याकडे वळला. हेड निघत नाही असं मी सांगेपर्यंत त्यानं पोराला घण आणायला सांगितला होता. आम्ही ज्याला इतके दिवस गोंजारलं होतं, ते दोन घावांत तुकडे होऊन ताडपत्रीवर पडलं.

आणि आत चार सिलिंडर उघडे पडले. आरशासारखे. घासकामाच्या तिरप्या रेघासुद्धा शाबूत. उस्ताद खाली बसला, बोट आतून गोल फिरवलं, माप घेतलं, पुन्हा घेतलं. “स्टँडर्ड साईज,” तो हळूच म्हणाला. “इसको तो किसी ने चलाया ही नी.” तिसऱ्या पिस्टनच्या डोक्यावर काहीतरी पडलं होतं. त्यानं एकेक उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. पिस्टनचे तुकडे नव्हते ते. तेलानं काळे झालेले, मधोमध चिरून दगडावर घासलेले चिंचोके होते. अकरा.

मी दहा वर्षांचा होतो. चौपट खेळायचे माझे चिंचोके ताई चोरायची, म्हणून मी ते अशा जागी लपवले होते जिथे तिला कधीच सापडणार नाहीत. नंतर अण्णांनी प्लग लावला आणि मी विसरून गेलो.

आईनं ओसरीवरूनच ओळखलं. “हे सापडले का? तेव्हा ताईला उगीच मार बसला होता.”

उस्ताद माझ्याकडे बघत होता. अटालेवाला घड्याळाकडे बघत होता. ही दारात येऊन उभी राहिली, तिनं त्या आरशासारख्या सिलिंडरांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि काही न बोलता आत जाऊन जुनी ताडपत्री घेऊन आली.

“याला आता काय लागेल?” मी उस्तादला विचारलं.

“एक हेड.”

फियाटचं एक हेड त्या क्षणी अटालेवाल्याच्या हातगाडीवर, सगळ्यात वर होतं. अर्ध्या तासापूर्वी ते माझंच होतं. मी खिशातले त्याचेच पैसे काढून पुढे केले. त्यानं हेड उचलून पुन्हा काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि आणखी पैशांसाठी हात पुढे केला.

“अरे, पण वजन तर तेवढंच आहे!”

“वजन वही है भिया,” तो म्हणाला, “भाव अलग है.”