सहज आणि विनामूल्य

माझे आयकर विवरणपत्र अकरा वर्षे एक करसल्लागार भरत असत. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर ते बसत. जुलै उजाडला की मी फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा कार्यालयाने दिलेला दाखला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्याकडे नेऊन देई, त्यांनी मागवलेला अर्धा कप चहा पिई आणि तीन दिवसांनी पोचपावतीची प्रत घेऊन येई. खालच्या जात्याच्या हादऱ्यांनी त्यांच्या टेबलावरचे कागद सतत किंचित थरथरत असत आणि पोचपावतीवर हात फिरवला की बोटांना ज्वारीचे पीठ लागे. त्या पिठाखाली माझ्याविषयी नेमके काय लिहिले आहे, हे वाचून पाहावे असे मला अकरा वर्षांत एकदाही वाटले नाही.

२०२४ साली त्यांनी आपले शुल्क ७०० रुपयांवरून १,००० रुपये केले. ही वाढ मी मुकाट्याने सोसलीही असती. परंतु मी तिच्याविषयी कार्यालयात हळहळलो आणि तेथेच घात झाला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “अहो, हजार रुपये कसले देता? सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. नुसता पगार असणाऱ्याचं तर पंधरा मिनिटांचं काम.” फुकट हा शब्द एकदा कानावर पडल्यानंतर त्याच कामासाठी पैसे मोजणे मला अपमानास्पद वाटते. हा दोष आमच्याकडे पिढीजात आहे.

विवरणपत्राची मुदत ३१ जुलैची होती. रविवार, दिनांक २८ जुलै रोजी सकाळी आंघोळ वगैरे उरकून, बाहेर पुण्याचा पाऊस कोसळत असताना, मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. बाजूला पॅन कार्ड, आधार कार्ड, फॉर्म सोळा, दोन पेने आणि एक कोरा कागद अशी मांडणी झाली. ती पाहून हिने विचारले, “सत्यनारायण आहे का?” ही गणिताची शिक्षिका असून रविवारी सकाळी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उत्तरपत्रिका तपासत बसते. त्या दिवशीही ती तेथेच बसली होती, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

पगारदारांसाठीच्या पहिल्या क्रमांकाच्या विवरणपत्राचे नाव ‘सहज’ असे आहे. पन्नास लाखांपर्यंतचे उत्पन्न, पगार, एक घर, थोडे व्याज आणि शेती असल्यास तिचे उत्पन्न पाच हजारांच्या आत, अशा साध्यासुध्या संसारी माणसासाठी ते त्या वर्षी काढलेले होते. गावाकडच्या वडिलोपार्जित अकरा गुंठ्यांत माझाही हिस्सा आहे. त्यातून आजवर भाऊबंदकीखेरीज दुसरे कोणतेही पीक निघालेले नाही आणि त्या पिकासाठी विवरणपत्रात रकाना नाही. तेव्हा मी ‘सहज’ भरण्यास पात्र होतो.

पात्र असलो तरी मला आत जाता येईना. पॅन क्रमांक हेच येथे वापरकर्त्याचे नाव असते, त्यामुळे अर्धे काम आपसूक झाले होते. परंतु परवलीचा शब्द करसल्लागारांनी ठरवलेला होता. तो विसरल्याचे कळवले असता संकेतस्थळाने नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवण्याची तयारी दाखवली. तो मोबाइलही करसल्लागारांचाच निघाला. म्हणजे अकरा वर्षे सरकारदरबारी माझा जो काही पत्रव्यवहार झाला, तो गिरणीच्या वरच्या मजल्यावर होत होता. ज्या माणसाचे हजार रुपये वाचवायचे, त्यालाच रविवारी सकाळी फोन करून ओटीपी मागण्याइतका निगरगट्टपणा माझ्या अंगी नाही. उरला आधारचा ओटीपी. माझे आधार ज्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले आहे, ते सिमकार्ड मी चार वर्षांपूर्वी आईला दिले होते आणि आई वाईला राहते.

“आई, तुझ्या फोनवर आत्ता एक मेसेज आला असेल. त्यातले सहा आकडे सांग.”

“कोण बोलतंय?”

“अगं, मी बोलतोय. आवाज ओळखत नाहीस का?”

“आवाजाचं काय, आता कुणाचाही आवाज काढता येतो म्हणे. बँकेतल्या बाईंनी बजावलंय, ओटीपी पोटच्या पोरालासुद्धा सांगायचा नाही.”

“अगं, पण पोटचा पोरच विचारतोय!”

“तेच तर म्हणाल्या त्या.”

हा ओटीपी पंधरा मिनिटे टिकतो. पंधरा मिनिटांचे काम ते हेच असावे, असे मला त्या क्षणी वाटून गेले. आईने थोडा विचार करून माझी परीक्षा घेण्याचे ठरवले आणि माझ्या मुंजीत काय हरवले होते, असा प्रश्न टाकला. त्या वेळी मी आठ वर्षांचा होतो. मला केवळ डोक्यावरून फिरलेला वस्तरा आठवत होता. मी अंदाजाने चांदीची पळी म्हणालो. पळी दुसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्यात सापडली होती, असे सांगून आईने उत्तर चूक ठरवले. दुसऱ्या प्रयत्नात मला आत्याची नथ आठवली. तेवढ्यावर न थांबता, ती कुणी घेतली असे सगळे म्हणत होते, हेही आईने माझ्याकडून वदवून घेतले. ते नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्या बाई अजून आमच्याकडे हळदीकुंकवाला येतात. मग आईने चष्मा शोधला आणि एकेक आकडा सांगू लागली. “तीन, सात, भोपळा, परत भोपळा...” सहावा आकडा मी टाकला तेव्हा मुदत टळून गेली होती. दुसरा ओटीपी मागवला, आणि या खेपेस आईने विनाचौकशी सांगितला. ओळख एकदा पटली की ती फार खळखळ करत नाही.

आत गेल्यावर पहिला प्रश्न वर्षाचा आला. ज्या वर्षात आपण पैसे मिळवतो ते आर्थिक वर्ष आणि ज्या वर्षात त्याचा जाब द्यावा लागतो ते करनिर्धारण वर्ष. खाल्ले २०२३-२४ मध्ये, पचले की नाही हे विचारणार २०२४-२५ मध्ये. मी खाण्याचे वर्ष निवडून बसलो आणि मागील वर्षाचे, गिरणीवाल्या गृहस्थांनी व्यवस्थित भरलेले विवरणपत्र पाहून ‘कामे किती झटपट होतात’ म्हणून काही काळ चकित झालो. चूक लक्षात आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग करप्रणालीचा प्रश्न आला. जुनी प्रणाली म्हणजे एकत्र कुटुंबातली पंगत होय. दर चढा, पण विमा आणला तर एक वाढा, भविष्य निर्वाह निधी आणला तर दुसरा वाढा, अशी आग्रहाची वजावट चालते. नवी प्रणाली म्हणजे मेसचे मर्यादित ताट. दर कमी, मात्र दुसऱ्यांदा भाजी मागायची नाही. त्या वर्षापासून नवी प्रणाली मूळचीच धरली जाऊ लागली होती, त्यामुळे ‘कोणती हवी’ असा सरळ प्रश्न न येता ‘नव्या प्रणालीतून बाहेर पडण्याचा पर्याय आपण वापरू इच्छिता काय’ असा प्रश्न येतो. याला ‘नाही’ म्हटले की होय होते. लग्नाच्या बैठकीत ‘आमची काही हरकत नाही असे नाही’ म्हणणारे एक काका असतात, त्यांनी हे वाक्य लिहिले असावे. मी कोऱ्या कागदावर दोन्ही प्रणालींची आकडेमोड केली. माझा पगार ९,८०,००० रुपये. नव्या प्रणालीत ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन उपकरासह कर ५१,४८० रुपये होत होता, आणि जुन्यात दीड लाखाची बचत दाखवूनही ७०,००० च्या वर जात होता. कार्यालयाने मुळात नवीच प्रणाली धरून नेमके ५१,४८० रुपये पगारातून कापलेले होते. तासभराच्या गणितानंतर मी ‘नाही’ म्हणालो. नव्या प्रणालीत व्यवसाय कराची वजावट मिळत नाही, एवढे एक शल्य राहिले. महाराष्ट्रात तो पगारातून दरमहा २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे सर्वांत कमी दिवसांच्या महिन्यात सर्वांत जास्त. यामागे वर्षाची बेरीज २,५०० करण्याचा हेतू आहे हे कळते, पण वळत नाही.

यापुढचे सारे रकाने आधीच भरलेले होते. पगार भरलेला, कापलेला कर भरलेला, माझे नाव वडिलांच्या नावासह भरलेले. मी नुसता ‘पुढे’ ‘पुढे’ करत चाललो होतो आणि पंधरा मिनिटांची भाषा करणाऱ्या सहकाऱ्याविषयी मनात आदर दाटू लागला होता, इतक्यात ‘इतर उत्पन्न’ या शीर्षकाखाली, बचत खात्यावरील व्याजाच्या रकान्यात १,८६० रुपये हा आकडा दिसला.

येथे थोडा खुलासा करणे भाग आहे. लग्नापूर्वी सांगलीला नोकरी करत असताना मी एक खाते उघडले होते. ते लग्नानंतर बंद केल्याचे मी घरी सांगितले होते आणि बंद करण्याचा विचारही प्रामाणिक होता. मात्र परीक्षकपणाचे मानधन, दिवाळीतले एखादे पाकीट, जुन्या स्कूटरच्या विक्रीतला अंश असे काहीबाही मी मधूनमधून त्यात टाकत आलो. यात गैर असे काही नव्हते. प्रत्येक गृहस्थाच्या आयुष्यात एखादा असा कप्पा असावा, ज्याचा आवाज होत नाही, असे माझे मत होते. त्या खात्याचे पासबुक मी मिक्सर, पंखा आणि गीझर यांच्या हमीपत्रांच्या पेटीत ठेवले होते, कारण त्या पेटीत आमच्याकडे वस्तू बिघडल्यावरसुद्धा कोणी पाहत नाही. परंतु बँका दिलेल्या व्याजाची माहिती वरती कळवत असतात, ती सगळी ‘वार्षिक माहिती विवरण’ नावाच्या दस्तऐवजात जमा होते आणि तिथून विवरणपत्रात येऊन बसते, याची मला सुतराम कल्पना नव्हती. पिठाखाली हे दरवर्षी छापलेले असणार.

मी पडदा थोडा माझ्याकडे वळवला. माणसाने पडदा वळवला की बायकोची मान वळते.

“व्याज कसलं?”

“बचत खात्याचं. असतं थोडंफार.”

“आपल्या खात्याचं वर दाखवलंय की, चारशे बारा. ते तुमच्या-माझ्या नावावरचं. हे खाली अठराशे साठ कुठलं?”

ते चारशे बारा पॅन क्रमांकानुसार हिच्या नावावर जातात, माझ्या विवरणपत्रात दिसतच नाहीत आणि वर दिसत होता तो आकडा भलताच होता, असे मी तिला समजावू लागलो. खरे म्हणजे वर काहीही नव्हते. तिने केवळ मला बोलते करण्यासाठी ते फेकले होते, हे माझ्या उशिरा लक्षात आले. वीस वर्षे आठवीच्या वर्गावर काढलेली बाई आहे. तिने लाल पेनाचे टोपण लावले, छताकडे पाहिले आणि पाढा म्हणावा तशा स्वरात म्हणाली, “बचत खात्याला तीन टक्के. तीन टक्क्यांनी अठराशे साठ. म्हणजे मुद्दल बासष्ट हजार.”

कागद नाही, पेन नाही. मला त्या खात्यातली नेमकी शिल्लक त्या क्षणी प्रथमच कळली.

मी सावरण्याचा प्रयत्न केला. विवरणपत्रात चालू असलेली सर्व बँक खाती दाखवावी लागतात, निष्क्रिय तेवढी वगळता येतात. हे खाते एक प्रकारे निष्क्रियच आहे, असे मी म्हणालो. “त्यात पैसे कोण टाकत होतं मग?” असे विचारून तिने हमीपत्रांची पेटीच आणवली. पासबुकावर ज्या बँकेचे नाव होते ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, त्यामुळे शाखेचा जुना संकेतांकही चालेना. नवा शोधून काढण्याचे कामही हिनेच केले, आणि ते करत असताना ती एक अक्षरही बोलली नाही.

जुन्या प्रणालीत बचत खात्याच्या दहा हजारांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. त्यामुळे ‘नाही’ म्हणण्याची किंमत आता समोर आली: कर ५१,७७० रुपये, कापलेला ५१,४८०, देणे २९० रुपये. हे पैसे त्याच खात्यातून गेले पाहिजेत, असा हिचा आग्रह होता, परंतु त्या खात्याचे पासबुकाखेरीज दुसरे कोणतेही साधन माझ्यापाशी नव्हते. शेवटी घरच्या खात्यातून चलन भरले आणि हिने घरखर्चाच्या वहीत ‘ह्यांना उसने – २९०’ अशी नोंद केली.

विवरणपत्र दाखल केले तरी ते पडताळून द्यावे लागते. त्याला तीस दिवसांची मुदत असते. ज्याला ओटीपी जमत नाही त्याला सही केलेली पोचपावती टपालाने बंगळूरुला पाठवता येते. मी टपालाच्या बाजूने बोलू लागलो, पण हिने फोन उचलून थेट वाईला लावला.

“आई, परत एक मेसेज आलाय बघा. आणि हो, ह्यांचं सांगलीला एक खातं आहे, तुम्हाला माहीत होतं का?”

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. हिचा चेहरा मात्र मला दिसत होता. सहा आकडे लिहून घेऊन झाल्यावर ती म्हणाली, “त्याच्यावर नॉमिनी त्याच आहेत म्हणे.”

संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळेतून आल्यावर हिने स्वतःचा फॉर्म सोळा बाहेर काढला. हिचेही विवरणपत्र दरवर्षी गिरणीवरच जात असे. आदल्या दिवसाच्या अनुभवाने मी आता या विषयातला जाणकार झालो होतो, म्हणून तत्परतेने लॅपटॉप उघडून खुर्ची ओढली. “तुम्ही कुकरकडे बघा, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. माझं मी भरते,” असे म्हणून ती लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतले. तिचा परवलीचा शब्द तिला पाठ होता. तिचे आधार तिच्याच मोबाइलला जोडलेले होते. दाराआडून ओटीपी आल्याचा आवाज एकदा आला, काही वेळाने पुन्हा एकदा आला, आणि बरोबर पंधराव्या मिनिटाला ती लॅपटॉप मिटून बाहेर आली.

“झालं? आणि व्याज किती दाखवलंय तुझं?” मी सहज विचारले.

“चौथी शिट्टी झाली,” ती म्हणाली, “बंद करा आधी.”