आयत्या वेळचे विषय

विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेची बैठक मुंबईत, सकाळी अकरा वाजता. सूचना कधी येते? आदल्या दिवशी दुपारी, व्हॉट्सअॅपवर. मी कणकवलीची, कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष. म्हणजे तुतारी एक्सप्रेसचं जनरल तिकीट काढायचं, रात्रभर दाराजवळ बॅगेवर बसायचं, पहाटे दादरला उतरायचं आणि वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन शहाण्यासारखं हजर व्हायचं. अंधेरीचे प्रतिनिधी पावणेअकराला रिक्षातून उतरतात. वर विचारतात, "काय, मासे आणलेस का?"

महोत्सवाच्या बॅनरवर कोणाचा फोटो यावर दीड तास जातो. आमचा विषय? कायम 'आयत्या वेळचे विषय' या मथळ्याखाली, शेवटच्या ओळीत. तोवर चहा आलेला असतो. "पुढच्या बैठकीत घेऊ." ऑनलाइन बसू द्या म्हणून तीनदा लेखी मागितलं. तेही पुढच्या बैठकीत.

घरी परतावं तर स्टँडवर पोरं वाट बघतायत. "अध्यक्षबाय, पास कधी मिळतलो?" अरे, ६६.६७ टक्के सवलतीचा पास एसटीवाले देतात, मी नाही! विद्यापीठ कायदा २०१६, कलम ९९, विद्यार्थी परिषदेचं, मला तोंडपाठ आहे. त्यात कुठेही नाही की अध्यक्षाने पास काढावेत, निकालाच्या चुका निस्तराव्यात आणि गॅदरिंगला मंडपवाल्याची उधारीही अंगावर घ्यावी. (तो मंडपवाला अजून फोन करतो.)

प्रवासभत्त्याचं बिल मागच्या वेळी परत आलं. जनरलचं तिकीट घामाने भिजून पुसट झालं होतं. शेरा होता: "अस्पष्ट."