मारक्या गाईचं वासरू खरंच जोमानं वाढतं?

'मारकी गाय घ्या. अंगावर येते तीच खरी आई. गरीब गाईला वासराची माया नसते, मारकीचं वासरू मात्र झपाट्यानं वाढतं.' पशुपालकांच्या ग्रुपवर हा मेसेज महिनाभर फिरतोय. मला चौघांनी पाठवला.

अंगावर येण्याचं आधी घेऊ. आमची खिल्लार चंद्री एरवी पोरांनाही शिंगांना हात लावू देते. व्याली त्या पहाटे मी वासराच्या नाळेला आयोडीन लावायला वाकलो, तर तिनं मला सरळ गव्हाणीवर ढकललं. आठवड्यात पुन्हा जशीच्या तशी गरीब. हा राग व्यायल्यावरचा, त्यामागं संप्रेरकं असतात. धार काढताना लाथ झाडणारी गाय वेगळी. मेसेजवाल्यानं दोघींना एकाच दाव्याला बांधलंय.

गरीब गाईला माया नसते म्हणे! वासराला जवळ न घेणाऱ्यांत पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या गाईच जास्त निघतात, मग त्या गरीब असोत की मारक्या.

वाढीच्या बाबतीत तर गणित उलटंच आहे. गाईच्या वारेतून वासराला रोगाशी लढणारी प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती चिकातूनच, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दुधातूनच येतात. ती शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासातासाला घटते आणि 24 तासांत जवळपास संपते. 25 किलोच्या वासराला पहिल्या दिवशी अडीच लिटर चीक हवा, त्यातला निम्मा तरी पहिल्या दोन-तीन तासांत. आमची एक लाथाळ पहिलारू सडाला तोंड लागलं की वासराला झटकायची. दुपार झाली, शेवटी मागचे पाय बांधून चीक काढला आणि बाटलीनं पाजला. त्या वासराला पुढं हगवण लागली ती लागलीच. एका वासरावरून मी नियम काढत नाही, पण मेसेजमध्ये तर एकही वासरू नाही.

शिवाय बिथरलेली गाय पान्हा चोरते. 1941 साली अमेरिकेत एली आणि पीटरसन यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवून, कागदी पिशव्या फोडून हे तपासलं होतं. भीतीनं अॅड्रेनॅलिन वाढतं आणि कासेत दूध असूनही उतरत नाही.

बिबट्याच्या रानात चरणाऱ्या गाईचा तापटपणा वासराचा जीव वाचवू शकतो, हे मान्य. गोठ्यातल्या वासराला त्यातून वजन मिळत नाही.

बाजारात गेलात तर दुसऱ्या-तिसऱ्या वेताची गाय बघा, धार काढताना शेजारी उभे राहा, वासरू किती वेळ पितंय ते मोजा. आणि मारकी गाय इतकी स्वस्त का, ते व्यापाऱ्यालाच विचारा.