कॉलेजचं नाव आम्ही शेवटी का सांगतो: एका पालकांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही दिलेला एक तारा पाहिला आणि त्याखालचा मजकूरही नीट वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलाला पायलट करायचं म्हणून सल्ल्याचे पैसे भरले, पण आम्ही एकाही कॉलेजचं नाव दिलं नाही. उलट ‘आधी मेडिकल (वैद्यकीय तपासणी) करून घ्या’ म्हणून ताटकळत ठेवलं, आणि एव्हिएशनची पदवी लागतेच असं नाही असं सांगून मुलाचा हिरमोड केला. दुसरीकडे पहिल्याच भेटीत प्रवेश मिळत होता, हेही तुम्ही लिहिलंय. मुलाबद्दलचं काहीही मी इथे उघड लिहिणार नाही. पण हे प्रश्न अनेक पालकांना पडतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

मेडिकलचं आधी. विमान कंपनीत उडायचं तर क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र हवंच. भारतात पहिल्यांदा क्लास टू होतं, मग क्लास वन. चष्मा आहे म्हणून पुष्कळ मुलं उगाच घाबरतात. चष्मा लावून नजर ठरलेल्या पातळीला येत असेल तर अडचण येत नाही. रंगदृष्टीचं मात्र वेगळं आहे. रात्री समोरच्या विमानाच्या पंखांच्या टोकांवरचा लाल दिवा कुठल्या बाजूला दिसतो आणि हिरवा कुठल्या, यावरून ते आपल्याकडे येतंय की लांब जातंय हे ओळखायचं असतं. लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही हे काही मुलांना थेट त्या तपासणीतच कळतं, कारण रोजच्या जगण्यात त्यावाचून काही अडलेलं नसतं. हे प्रवेशाचे पैसे भरल्यानंतर कळलं तर त्या घरावर काय ओढवतं, ते मी पाहिलंय. म्हणून मेडिकलचा कागद हातात येईपर्यंत आम्ही कुणालाच कॉलेजची यादी देत नाही, आणि पुढेही देणार नाही.

आता पदवी. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, पदवीची अट नाही. २०० तासांचं उड्डाण, डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक संस्थेचे पेपर (प्रत्येकात किमान ७० टक्के), रेडिओ टेलिफोनीची (रेडिओवरून बोलण्याची) परीक्षा आणि मेडिकल, हा त्याचा गाभा. अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे आणि तुमचा गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा. २००९ मध्ये तिथल्या बफेलो शहराजवळ कोलगन एअर या कंपनीचं प्रवासी विमान पडलं. त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून तिथे सहवैमानिकालाही साधारणपणे उड्डाणाचे १५०० तास लागू लागले. मान्यताप्राप्त कॉलेजातून एव्हिएशनची चार वर्षांची पदवी घेतली तर ते १००० वर येतात. (त्या अपघातातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० हून जास्तच होते, त्यामुळे या नियमावर अजून वाद चालतो.) पण या सवलतीत एक मेख आहे. इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून उडणं) आणि कमर्शियल (व्यावसायिक परवाना) यांचं उड्डाण प्रशिक्षणही त्या कॉलेजशी जोडलेल्या मान्यताप्राप्त फ्लाइंग स्कूलमधूनच व्हावं लागतं. पदवी कॉलेजची आणि उड्डाण स्वस्तात दुसरीकडे, असं केलं तर पदवी भिंतीवर राहते आणि तास १५०० चे १५०० च लागतात. शिवाय डेल्टासारख्या मोठ्या कंपनीनेही २०२२ मध्ये पदवीची सक्ती काढून टाकली.

म्हणून मी मुलाला विचारलं होतं, ‘तुला परवाना कुठल्या देशाचा हवाय?’ कॉलेज त्यावरून ठरतं. परदेशातून परवाना आणून भारतात उडायचं तर तो इथल्या परवान्यात बदलून घ्यावा लागतो आणि हवाई नियमांचा पेपर पुन्हा द्यावा लागतो.

पदवी करू नका असं मी कधीच म्हटलेलं नाही. जरूर करावी, आणि माझ्या मते विमानाशी संबंध नसलेल्या विषयात केली तर जास्त बरं. मेडिकल कुठल्याही वयात हातचं जाऊ शकतं, आणि २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी राहिली तेव्हा हाती परवाना असलेली मुलं घरी बसून होती. पोट भरायला दुसरा आधार हवा.

खरी निवड फ्लाइंग स्कूलची असते, आणि ती माहितीपत्रकावरून करता येत नाही. तुम्ही जिथे प्रवेश मिळत होता म्हणता, तिथे एकदा स्वतः जा. सकाळी जा, कारण उड्डाणं तेव्हाच भरात असतात. किती विमानं आहेत हे विचारू नका. या आठवड्यात त्यातली किती उडाली ते विचारा. हँगरमध्ये इंजिन उघडं पडलेलं, सुट्या भागांची वाट बघणारं विमानही त्यांच्या आकड्यात धरलेलं असतं. मग नुकतंच प्रशिक्षण संपवलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि त्याचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, मागा. पहिल्या पानावरची पहिली तारीख बघा आणि २०० तास पूर्ण झाले ती तारीख बघा. मधले रिकामे आठवडे बोटाने मोजा. हवामानामुळे खंड पडणारच, तो समजून घ्या. पण निरभ्र आकाशाच्या महिन्यातही नोंदी तुरळक असतील तर तिथे विमान तरी कमी आहे किंवा इन्स्ट्रक्टर तरी. आणि प्रत्येक मोठ्या खंडानंतर काय होतं ते त्यालाच विचारा. सोलो झालेल्या, म्हणजे एकट्याने उडू लागलेल्या, मुलाला पुन्हा इन्स्ट्रक्टरसोबत उडावं लागतं, हात बसवण्यात तास जातात, आणि ते तुमच्या पैशातूनच जातात. आमच्याकडे येऊन तुम्ही विचारलं होतंत, ‘दीड वर्षात होईल ना?’ त्याचं खरं उत्तर या वहीत आहे, ते माझ्याकडेही नाही आणि कॉलेजच्या काउंटरवरही नाही.

पूर्ण रक्कम एकदम भरू नका. जसे तास उडतील तसे हप्ते, हे लेखी घ्या. ‘नोकरीची हमी’ म्हणतील तर ती विमान कंपनीच्या कागदावर दाखवा म्हणावं. विमान कंपन्यांचे कॅडेट प्रोग्रॅम (नव्या मुलांना वैमानिक म्हणून घडवण्याच्या योजना) खरे असतात, पण त्यांच्याही अटी असतात, आणि परवान्यानंतर टाइप रेटिंगचा (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचा) खर्च कोण करणार हे करारात वाचायचंच.

पहिल्याच भेटीत प्रवेश देणाऱ्यांबद्दल एवढंच सांगतो, की या व्यवसायात अनेकदा प्रवेशामागे दलाली मिळते. आम्ही ती घेत नाही, आमचं उत्पन्न तुम्ही भरलेल्या शुल्कातूनच येतं. म्हणून ‘थांबा’ म्हणणं आम्हाला परवडतं.

तुमची पुढची बैठक बाकी आहे आणि तिचं वेगळं शुल्क नाही. मेडिकलचा निकाल आणि कुठल्या देशात उडायचं याचं मुलाचं स्वतःचं उत्तर, एवढं घेऊन या; संस्थांची नावं त्या दिवशी मिळतील. दरम्यान त्याने नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्राचा अभ्यास सुरू करावा. पेपर आधी सुटले की फ्लाइंग स्कूलमध्ये त्याचं सगळं लक्ष विमानात राहील. आणि यायचं नसेल, तर उरलेल्या बैठकीचे पैसे परत करू. कार्यालयात एक फोन करा.