शून्य कुणाचं?

आज कॅन्सरच्या ओपीडीत एका मावशींच्या डिस्ट्रेस थर्मामीटरवर, म्हणजे मनाचा त्रास मोजायच्या कागदी पट्टीवर, त्यांच्या मुलाने पेन चालवलं. शून्याभोवती गोल. "आमची आई खंबीर आहे." मावशी गप्प, पदराचं टोक पिळत बसलेल्या. आणि तो कागद तस्साच फाइलला लागला!

अहो, प्रश्न मुलाला नव्हताच. ० ते १० ची पट्टी असते. गेल्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, किती त्रास झाला ते पेशंटनेच सांगायचं. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, बोटांवर सांगू द्या. पण नातेवाइकाला तेवढा वेळ औषधांच्या खिडकीवर पाठवा. "डिप्रेशन आहे का?" विचारलंत तर "नाही" हेच येणार. "कसला घोर लागलाय का?" म्हणून बघा.

मुलगा रिपोर्ट आणायला गेल्यावर मावशींना पुन्हा विचारलं. आठ बोटं! कॅन्सरमुळे? छे. परळमधली धर्मशाळेची खोली शुक्रवारी सोडायची, केमो सोमवारी, मुलाची रजा संपलेली. याला गोळी कशाला, मेडिकल सोशल वर्कर हवा. पट्टीसोबत अडचणींची यादी असते ती यासाठीच, आणि नेमकी तीच कोरी राहते.

४ किंवा त्याहून जास्त आलं की पुढची चौकशी, बहुधा पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य तपासणारे नऊ प्रश्न. थकवा, भूक, झोप केमोनेही बिघडते, त्यामुळे गुणांची बेरीज फुगते. मन कशात रमत नाही, उदास वाटतं, या पहिल्या दोन प्रश्नांकडे नीट बघा. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. तिथे शून्य नसेल तर बेरीज कितीही कमी असो, पेशंटशी त्याच दिवशी बोलायचं, घरी पाठवण्याआधी. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने झोप उडते, मानेच्या रेडिएशननंतर थायरॉइड मंदावू शकतं, हेही तपासा. स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं टाळायची. टॅमॉक्सिफेनला कामाला लावणारं यकृतातलं एन्झाइम ती दोन्ही अडवतात.

रांग जिन्यापर्यंत असते, मान्य. पण बीपी घेतोच ना त्याच रांगेत? बीपी मुलाचं घेऊन आईच्या केसपेपरवर लिहितो का कुणी?

असो. मुलावर उगाच तापण्यात अर्थ नाही. खोटं लिहायचं म्हणून त्याने लिहिलं नव्हतं, त्याला शून्यच हवा होता. रजा, भाडं, आईची केमो एकट्याच्या डोक्यावर. त्याची पट्टी कुणी भरून घेतली?

मावशींची खोली वाढवून मिळते का ते उद्या कळेल. सोमवारी त्यांना परत विचारायचंय. मुलगा आला तर त्यालाही, वेगळं बसवून.