पुतळा सुखरूप, सगळे पास!

प्रथमोपचार आणि सीपीआरची, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहण्याच्या उपचाराची, सर्टिफिकेटं वाटायचं काम तुमच्याकडे आलंय? अभिनंदन! परीक्षा कशी घ्यायची म्हणून झोप उडवून घेऊ नका. गेल्या महिन्यात आमच्या कंपनीत असाच एक वर्ग झाला. ५८ जण बसले, ५८ पास. एखाद्या शाळेनं चौकात बॅनर लावला असता असा निकाल. तेव्हा अनुभवाचे चार बोल ऐका.

वार शनिवार, वेळ जेवणानंतरची. पेंगणारा माणूस शंका विचारत नाही.

मग छाती दाबायच्या सरावाचा पुतळा. एकच आणा, तोही कमरेपर्यंतचा, आणि त्याची स्प्रिंग बसलेली असली तर सोन्याहून पिवळं. बरोबर खोलीवर दाबलं की 'टक्' वाजणारे पुतळे मिळतात, वेग आणि खोली मोजून दिवे लावणारेही मिळतात. पण असला पुतळा आणलात की नापास कोण ते अख्ख्या हॉलला कळतं, नसती कटकट. आता नियम म्हणतात की मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. हे खरोखर करून बघा, दोन मिनिटांत घाम गळतो. म्हणून तर दोन मिनिटांनी माणूस बदलायला सांगतात. पण ५८ जणांना दोन-दोन मिनिटं दिली तर ११६ मिनिटं झाली, मग चहा कधी प्यायचा? आमच्या सरांनी तोडगा काढला: प्रत्येकी चार दाब, एक फोटो, पुढचा या. कोपरं वाकवून कणीक तिंबल्यासारखं दाबलंत तरी हरकत नाही. माझ्या पुढचा तर चक्क पोटावर दाबत होता. सर म्हणाले, "छान, इकडे कॅमेऱ्यात बघा." एकानं मात्र मनापासून जोर लावला, तर सर धावतच आले. "अहो हळू! पुतळा केवढ्याला येतो माहितीये का?" बरगडी मोडली तरी थांबू नका, असं तासाभरापूर्वी यांच्याच स्लाइडवर होतं. ती बरगडी माणसाची हो, पुतळ्याची नव्हे!

लेखी परीक्षेला २० प्रश्न, आणि उत्तरं माइकवरून. "सातव्याचं बी लिहा." मागच्या रांगेला ऐकू गेलं नसेल तर परत सांगा.

भाजल्यावर टूथपेस्ट लावणाऱ्याला अर्धा मार्क तरी द्याच, घरचे संस्कार आहेत ते.

एईडीबद्दल, म्हणजे गरज पडली तर हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राबद्दल, काही विचारू नका. आमच्याकडे आहे तो, ऑफिसातल्या काचेच्या कपाटात, कुलूप लावून. किल्ली जनरल शिफ्टच्या साहेबांच्या खिशात. म्हणजे हृदय बंद पडायचं ते सकाळी ९ ते संध्याकाळी ६ याच वेळेत. ते यंत्र काय करायचं ते स्वतःच बोलून सांगतं, म्हणजे आम्हा सगळ्यांपेक्षा शहाणं. म्हणूनच कोंडून ठेवलं असावं.

सर्टिफिकेट मात्र जाड कागदावर, सोनेरी बॉर्डरचं हवं. माझ्या सर्टिफिकेटवर 'कुमारी' छापलंय. असू दे. लॅमिनेशन झकास झालंय.

तर परवा रात्रपाळीला कॅन्टीनच्या दारात पॅकिंगमधले एक काका धाडकन पडले. जवळ आम्ही पाच सर्टिफिकेटवाले. एकानं चप्पल हुंगवली. एक कांदा आणायला आत पळाला. तिसरा बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायला निघाला. चौथा व्हिडिओ काढत होता. पाचवा मी. मी गुडघे टेकले आणि थेट काकांची छाती दाबायला लागलो. तिसऱ्या दाबाला काका कळवळले, "अरे सोड की, मारतोस का!" शुगर उतरली होती त्यांची. खांदे हलवून हाक मारायची, दहा सेकंदांत श्वास बघायचा, एकाला नाव घेऊन १०८ लावायला सांगायचं, यातलं मला काहीही सुचलं नाही. कसं सुचणार? पुतळ्याला हाक मारायला कुणी लावलंच नव्हतं. हाक मारलेली फोटोत दिसत नाही ना!

हसताय काय? काकांचं हृदय खरंच थांबलं असतं तर दर मिनिटाला वाचण्याची आशा ७ ते १० टक्क्यांनी घटत गेली असती, आणि आम्ही कांदा शोधत होतो. मला लाज वाटते. सर, तुम्हालाही वाटू द्या. डोईमागे पैसे मोजून घेता ना? मग पुतळे चार आणा. घड्याळ लावून दोन मिनिटं दाबायला लावा, टक् वाजलं नाही तर नापास करा, परत बोलवा. कुणाला न सांगता पुतळा जिन्याखाली टाका आणि बघा, आधी हाक कोण मारतो, फोन कोण लावतो. माणूस आचके देतोय म्हणजे श्वास घेतोय असं नव्हे, हे किती जणांना माहीत आहे ते तरी विचारा! आणि एचआरवाल्यांनो, १९४८च्या फॅक्टरी ॲक्टनं कलम ४५ मध्ये प्रथमोपचाराच्या पेटीला सर्टिफिकेटवाला माणूस मागितला होता. तुम्ही नुसतं सर्टिफिकेट दिलंत. ऑडिटची फाइल भरली, झालं. निदान त्या कपाटाचं कुलूप तरी काढा. आजच काढा. काकांची रात्रपाळी शनिवारपर्यंत आहे.